पंचकातली बाज

माझी मुलगी बसमधून राजेगावला उतरली आणि त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात डॉक्टरांचं पेव फुटलं.

राजेगाव हे आमच्या बालाघाटहून गोंदियाला जाणाऱ्या रस्त्यावरचं मध्य प्रदेशाच्या बाजूचं शेवटचं गाव. पुढे बाघ नदीचा पूल, आणि पूल ओलांडला की महाराष्ट्र. मुलीला गोंदियाला नर्सिंगसाठी प्रवेश मिळाला होता आणि ती रोज बसने अपडाऊन करायची. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग पावसाळ्यात एका सकाळी राजेगाव जवळ आलं तसे तिचे हात गार पडले, छाती धडधडू लागली, श्वास पुरेना. बस थांबल्याबरोबर ती उतरली, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली आणि तिने मला फोन लावला. मी तेव्हा तिसरीच्या पोरांना निर्भय कसं व्हावं ते शिकवत होते. मास्तरणीच्या नशिबात असे योग फार.

पुढेही तसंच होत राहिलं. राजेगाव आलं की हात गार, आणि मुलगी टपरीवर. शेवटच्या खेपेला टपरीवाल्याने म्हणे न विचारताच चहा पुढे केला. त्यानंतर तिने जाणंच सोडलं. "ट्रेननं पाठवा ना," असं सांगणारे पुष्कळ भेटले. ट्रेन आहेच, पण ट्रेनमधून मन मानेल तिथे उतरता येत नाही, म्हणून तर तिने बस धरली होती. कॉलेजवाल्यांनी निरोप दिला की दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडेल त्या दिवशी ही वर्गात दिसली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला. म्हणजे काम अगदी सोपं होतं. एक पूल ओलांडायचा होता. त्या पुलावरून ट्रक जातात, धानाचे ट्रॅक्टर जातात, गोंदियाचे जावई जातात. माझी मुलगी जात नव्हती.

आता सल्ले. आमच्याकडे माणूस पाणी नंतर पितो, सल्ला आधी देतो. एकीने मुलीची नजर उतरवली. एकाने तिचा मोबाईल काढून घ्यायला सांगितलं. सांगताना स्वतःच्या मोबाईलवरून डोळे वर केले नाहीत. नणंदेने फोनवर आवाज बारीक करून विचारलं, "वहिनी, कोणी पोरगा-बिरगा तं नाई ना?" असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या द्यायला कोणीतरी मिळालं असतं. आणि "जे पोरगी सुईले नाई भेत, ते बसले काहून भेते?" हा माझ्या सासऱ्यांचा प्रश्न. सासरे भरवेलीच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेले, उजव्या खांद्याने अधू आणि जिभेने धडधाकट. "आमच्या टाइमले असं काई नोहोतं," हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात काहीच नव्हतं. साखरेचा आजारसुद्धा त्यांनी स्वतःला झाला तेव्हाच पहिल्यांदा मान्य केला.

शेवटी मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. नवऱ्याने वारासिवनीच्या राइस मिलमधून सुट्टी घेतली, आणि मग कळलं की ज्याला सगळे चांगला म्हणतात तो डॉक्टर बसतो गोंदियाला. राजेगावच्या पलीकडे. राजेगावची भीती घालवायची असेल तर आधी राजेगाव ओलांडून या, अशी ती सोय. नवऱ्याने तिला मोटरसायकलवर मागे बसवलं, ती बापाच्या पाठीत तोंड खुपसून, डोळे मिटून गेली आणि तशीच परत आली. डॉक्टर भला माणूस होता. हिला काही झालेलं नाही असं तो म्हणाला नाही, हे मला आवडलं. त्याने गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं, आणि निघताना म्हणाला, "हातांना काही काम द्या. विणणं, शिवणं, मातीचं, काहीही. हात गुंतले की डोकं जरा सुटं होतं."

एवढं वाक्य बालाघाटात पोचायचा अवकाश. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी लसूण पाठवला. सोलायला. त्यांच्या घरचा.

मीही मागे राहिले नाही. बाजारातून क्रोशाची सुई आणि लोकर आणली, मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला आणि समोर खुर्ची टाकून बसले. पोरीच्या हातून टाका सुटला की मी 'हं' म्हणायची. रागवायची नाही, फक्त 'हं' म्हणायची. हे 'हं' तिसरीच्या वर्गाला चांगलं ठाऊक आहे. तिने रुमालाएवढं काहीतरी विणलं, ते कडेने वळत वळत वाटीसारखं झालं, आणि एक दिवस लोकरीचा गुंडा कपाटावर जाऊन बसला. "मम्मी, आप देखते रहते हो ना, उससे और घबराहट होती है," ती म्हणाली. आता पोटच्या पोरीकडे बघायचं नाही तर काय भिंतीकडे बघायचं? पण हे मी मनातच म्हटलं. मोठ्याने मी दुसऱ्या रंगाची लोकर आणू का असं विचारलं.

अशात शहरात एक कार्यशाळा निघाली. हॉलच्या दारावर फलक होता, 'हस्तकला से तनावमुक्ति'. मला वाटलं, माझ्या मुलीसाठीच काढलंय. बाहेरगावच्या एक ताई हातांनी वस्तू करून मन कसं शांत ठेवायचं ते शिकवणार होत्या. वेळ सकाळची दिली होती. पण मुख्य अतिथी आले नव्हते, आणि मुख्य अतिथी आल्याशिवाय आमच्याकडे कोणाला शांत होता येत नाही. पोरं सतरंजीवर ताटकळत बसली. ज्यांचा जीव बंद जागेत गुदमरतो त्यांना एका बंद हॉलमध्ये भरून दाराशी स्वयंसेवक उभा केला होता, "बाहर मत जाना, साहब पहुँच ही रहे हैं." साहेब आले, हार झाले, आणि तणावाच्या दुष्परिणामांवर ते इतकं सविस्तर बोलले की ज्यांना ते दुष्परिणाम ठाऊक नव्हते त्यांनाही जाणवू लागले.

मग सामान वाटलं. आइसक्रीमच्या काड्या आणि गोंदाची बाटली. ज्या जिल्ह्यातून बांबूचे ट्रक भरभरून बाहेर जातात, तिथल्या पोरांनी बाहेरून मागवलेल्या आइसक्रीमच्या काड्यांची झोपडी बांधायची. असो, तेही चाललं असतं. ताई बिचाऱ्या गोड होत्या, "जैसी बने वैसी बनाओ," म्हणत होत्या. पण संयोजकांनी माइक हातात घेतला. "समय है आधा घंटा. सबसे सुंदर झोपड़ी को प्रथम पुरस्कार. और बच्चों, टेंशन बिलकुल नहीं लेना है." भिंतीला टेकून उभे असलेले पालक एकदम पुढे सरकले. माझ्या बाजूची बाई आपल्या पोराला कुजबुजत होती, "देख, उसका छप्पर भी हो गया." परीक्षेच्या धास्तीने ज्यांची झोप उडाली होती त्यांच्यासाठी आम्ही मोठ्यांनी एक नवीन परीक्षा काढली होती, आणि हिचा तर अभ्यासक्रमही नव्हता.

माझ्या मुलीची बोटं थरथरत होती. एक भिंत उभी राही, दुसरी पडे. मी लांबून हातवारे करत होते, डावीकडची आधी, डावीकडची. मग बघते तर तिची जागा रिकामी.

ती बाहेर पायरीपाशी सापडली. तिथे चपला-बुटांचा ढीग पडला होता, आणि ती उकिडवी बसून जोड लावत होती. एक चप्पल उचलायची, ढिगातून तिची जोडीदारीण शोधायची, भिंतीकडेला नीट ठेवायची. बोटं थरथरत नव्हती. मी तिच्या शेजारी बसले आणि एक बूट उचलला. कार्यक्रम संपल्यावर लोक बाहेर आले आणि चपला जिथे टाकल्या तिथे नाहीत म्हणून बराच आरडाओरडा झाला. पुढे कोणीतरी मुलीचं सहभागाचं प्रमाणपत्र घरी आणून दिलं. त्यावर गोल शिक्का होता. म्हणजे आता ती रीतसर शांत झाली होती.

यानंतर जे घडलं त्यात कोणाचीही योजना नव्हती, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर सारं श्रेय सासरे घेतील. तसं ते घेतातच.

सासरे बाजेवर झोपतात. बाज म्हणजे सुतळीने विणलेली लाकडी खाट. घरात दिवाण आहे, गादी आहे, पण गादीवर त्यांची पाठ सडते. ती बाज इतकी ढिली झाली होती की ते झोपले की फक्त नाक आणि पायाचे अंगठे वर दिसायचे. त्यांनी गावाकडून अंबाडीची सुतळी मागवली, जुनी वीण कापून टाकली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की एका हाताने बाज विणता येत नाही. ते दोघांचं काम. एकाने दोरी ओवून ओढायची, दुसऱ्याने ती ओढ अंगठ्याखाली दाबून धरायची, नाहीतर ओढलेलं सगळं पुन्हा सैल. माझा नवरा धानाच्या हंगामात घरी दिसत नाही. मी शाळेत. घरात रिकामी एकच होती.

"ये वो, धर इकडून," ते तिला म्हणाले. डॉक्टरचं वाक्य त्यांच्या कानावरूनही गेलं नसेल. त्यांना झोपायला बाज पाहिजे होती.

मी शाळेतून आले तर अंगणात सासरे स्टुलावर बसून ओरडत होते आणि मुलगी गुडघे टेकून दोरी दाबून बसली होती.

"धर."

तिने धरली.

"हौ म्हण ना. धरली का नाई, मले कसं समजन?"

"पकड़ी है ना, आबाजी."

"पकड़ी है नाई. हौ. आवाज दे."

मी मध्ये पडले. "मामाजी, डॉक्टरनं सांगितलं ना, तिच्यावर ओरडायचं नाई."

"मी वरडून नाई राह्यलो सुनबाई, मी काम करून राह्यलो." आणि मुलीकडे वळून म्हणाले, "खाणीत खाली अंधार राह्यते. दोघं जण लाकूड घेऊन चालले, तं मागच्यानं आवाज देल्ला पायजे. मागून हौ नाई आलं तं पुढचा पाय उचलत नाई. त्याले वाटते, मागं कोणी हायच नाई."

"आणि मागचा मुका असला तर?" मी विचारलं.

"तं त्याले खाली नाई नेत," ते शांतपणे म्हणाले.

मग 'धर', 'हौ', 'सोड', 'हौ' असं दिवेलागणीपर्यंत चालायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असेल की आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी चालू आहे.

यावरून कोणी असं समजू नये की सासरे विणण्यात वाकबगार होते. छे. त्यांना निम्मी वीण आठवत होती आणि उरलेली निम्मी ते मोठ्या आवाजात सांगत होते. बाज मध्यावर आली तेव्हा चौकटीच्या जागी जिलबीसारखं काहीतरी उमटलं होतं. त्यांनी आधी सुतळीला दोष दिला, मग नातीला, मग सरकारला. मग म्हणाले, "उसव." दोघांनी मिळून होतं नव्हतं ते सगळं उसवलं. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते, आता ही रडणार, आता हिचा श्वास अडकणार. ती खुशाल दोरी गुंडाळत होती. नंतर स्वयंपाकघरात येऊन तिने मला हळूच सांगितलं, "मम्मी, आबाजी को भी नहीं आता." कोणाकडे बाळ झाल्याची बातमी सांगावी अशा आनंदाने सांगितलं. त्या रात्री तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. मी 'हं' म्हणाले नाही.

दुसऱ्यांदा विणायला घेतलेली बाज अर्धी झाली होती आणि काकू आल्या. काकू म्हणजे लसूणवाल्या. सीमेकडच्या शेतकरी घरातल्या, मनाने प्रेमळ आणि ज्ञानाने भयंकर. त्यांनी कुंपणावरून वाकून पाहिलं आणि गालावर हात ठेवला.

"अवो मास्तरीणबाई, हे काय करून राह्यले? कालपासून पंचक लागलं ना. पंचकात खाट विणत नाई. घरावर संकट येते."

पंचक म्हणजे पंचांगातले पाच दिवस. त्यात खाट विणायची नाही, घरावर छप्पर घालायचं नाही, दक्षिणेला जायचं नाही. काकूंनी ही सगळी माहिती फुकट दिली. दक्षिणेचं ऐकल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं. गोंदिया बालाघाटच्या दक्षिणेला आहे. तिच्या अंगठ्याखालची दोरी सुटली आणि सकाळपासून ओढलेलं सगळं सैल झालं.

सासरे स्टुलावरून उठले. "आमच्या घरी पंचक-फिंचक नाई चालत, बाई. आमी बुद्धाची लेकरं. पंचांग आमी कवाचंच सोडलं. तुमचं पंचक तुमच्या अंगणात ठेवा." भाषण झकास झालं. समोरच्या घरातली माणसंही ऐकायला बाहेर आली. काकू "मी तं भल्याचं सांगून राह्यली," असं पुटपुटत आत गेल्या. मला सासऱ्यांचा अभिमान वाटला, जो मला सहसा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा खांदा दुखायला लागला. अधू उजवा नव्हे. डावा, चांगला.

"आज नाई जमत बापा. लय दुखून राह्यला." पुढच्या दिवशीही तेच. अर्धी बाज भिंतीला टेकून उभी राहिली आणि मुलीचे हात पुन्हा रिकामे झाले. "मम्मी, कुछ हो गया तो?" तिने मला विचारलं. मी तिला समजावलं. फार छान समजावलं. ग्रह म्हणजे काय, तारे किती लांब आहेत, त्यांना आपल्या सुतळीशी काय देणंघेणं, सगळं फळा असता तर फळ्यावर काढून दाखवलं असतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि हात ओढणीत गुंडाळून बसून राहिली. मी ओढणीखाली हात घालून पाहिलं, बर्फ. दिवाळी येऊन गेली होती, कॉलेज उघडायला आठवडाही उरला नव्हता, आणि मी काकूंवर, सासऱ्यांच्या खांद्यावर आणि एकूण ग्रहमंडळावर चिडलेली होते.

मग गॅसचं सिलिंडर आलं. गाडीवाला ते फाटकाशी ठेवून गेला, आणि सासऱ्यांनी सवयीप्रमाणे उचलून डाव्या खांद्यावर घेतलं आणि आत आणलं.

मुलगी दारात उभी होती. "आबाजी, यही कंधा दुख रहा था ना?"

सासऱ्यांनी सिलिंडर खाली ठेवलं.

"पंचक परसों उतरेगा. कंधा भी परसों ही ठीक होगा क्या?"

आणि ती हसली. इतक्या महिन्यांत मी तो आवाज विसरून गेले होते. मला वाटलं तिचा श्वास पुन्हा अडकला, आणि मी पाण्याचा पेला घेऊन धावले.

सासरे ओट्यावर टेकले. "भेव वाटलं मले," ते म्हणाले. "माह्यासाठी नाई. काई झालं असतं ना, कोणी पडलं-झडलं असतं, तं तू म्हणली असती का माह्यामुळंच झालं. तुह्या डोक्यात तेच बसलं असतं."

"लेकिन आप तो मानते नहीं हो."

"नाईच मानत. पण भेव काही इचारून येत नाई ना."

ती त्यांच्या शेजारी बसली. "खदान में भी लगता था?"

"रोज," सासरे म्हणाले. "लिफ्ट खाली जायले लागली का डोळे मिटून घेत होतो. रिटायर होयपर्यंत."

ज्यांच्या काळात असं काही नव्हतंच, त्या गृहस्थांचं हे बोलणं. माझ्या जिभेवर टोमणे रांग लावून उभे होते. एकही बाहेर पडला नाही. मला त्यांची एकदम माया आली, आणि तितकाच रागही आला, की हे पावसाळ्यातच सांगायला काय झालं होतं. पोरगी सगळ्या घरात आपण एकटीच भित्री म्हणून झुरत होती.

"फिर क्या करते थे?" तिने विचारलं.

"काई नाई. जात होतो. मागच्याले हाक द्याची, तो हौ म्हणे. मंग पुढं."

मग उठून तिने भिंतीला टेकवलेली बाज ओढून अंगणात आडवी घातली. सासरे म्हणाले, "परवा केलं तं नाई जमन का?" तिने ऐकलंच नाही. दोरीचं टोक शोधलं, ओवलं आणि ओढून धरलं.

"धरा," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मुकाट्याने दोरी अंगठ्याखाली घेतली.

"हौ म्हणा."

"हौ," सासरे म्हणाले. मी पेल्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि कुंपणाकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे काकूंना नीट दिसू नये. काकूंना व्यवस्थित दिसलं.

बाज पंचकातच पुरी झाली. घरावर कुठलंही संकट आलं नाही, फक्त बाज तिरपी झाली. एका बाजूची ओढ नातीची, दुसऱ्या बाजूची आजोबांची, आणि दोघांचा जोर सारखा नव्हता. सासरे रात्री मध्यभागी झोपतात आणि पहाटे डाव्या पट्टीला लागलेले असतात. "सांगतलं होतं ना म्या," काकू म्हणाल्या. पंचकाचा एवढा सौम्य परिणाम त्यांनीही यापूर्वी पाहिला नव्हता.

कॉलेज उघडायचा दिवस आला. पोरीने एकटीने बसने जायचं ठरवलं होतं, म्हणून अर्थातच सगळे सोबत जायला तयार होते. नवरा मोटरसायकल पुसून उभा. नणंद यायला निघालेली. काकू वाटीत दही-साखर घेऊन आल्या, आणि आज दक्षिण खुली असल्याचं पंचांगात पाहून आल्याचंही त्यांनी सांगितलं. मुलीने दही खाल्लं, काकूंच्या पाया पडली, गोळी घेतली आणि उरलेल्या सुतळीचा हातभर तुकडा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. त्याबद्दल मी काही विचारलं नाही. मला उशिरा का होईना, शिकवलेलं समजतं.

बापाने तिला बस स्टँडवर सोडलं आणि तो तिथून मिलला गेला. मी शाळेतून सुट्टी घेतली होती. मी आणि सासरे बाजेवर बसलो, मधे फोन ठेवला, आणि आम्ही दोघं आणि फोन हळूहळू डाव्या बाजूला घसरत राहिलो.

फोन वाजला. "मम्मी, राजेगाव आ रहा है." आवाज पातळ झालेला, शब्दांच्या मधे श्वास.

मी सुरू झाले. "हे बघ बेटा, आधी लांब श्वास घे, खिडकीबाहेर बघू नको, नाहीतर असं कर, बघ, झाडं मोज, आणि पाणी पी, पण घटाघटा नको..." सासऱ्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि तोंडासमोर धरला.

"धर," ते म्हणाले.

बसची घरघर ऐकू येत होती. मग अगदी बारीक, "हौ."

"सोड."

"हौ."

"धर."

"हौ."

मागे कंडक्टरचा आवाज आला, राजेगाववाले उतरो. ब्रेक लागला. दार उघडल्याचं कळलं. मला ती टपरी डोळ्यांसमोर दिसत होती, न विचारता पुढे येणारा चहा दिसत होता. "धर," सासरे म्हणाले. उत्तर नाही. "धर, पोरी." काही नाही. मग फोन तुटला.

सीमेवर नेटवर्क जातंच. एका राज्याचं सुटतं आणि दुसऱ्याचं लागायला वेळ लागतो, हे आमच्या इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. सासरे बंद फोनकडे बघून "आवाज दे वो, आवाज दे," म्हणत होते. काकू कुंपणापाशी उभ्या होत्या आणि त्यांना एकही सल्ला सुचत नव्हता. मी मनात टपरीवर बसलेल्या माझ्या लेकीशी काय बोलायचं ते जुळवत होते. उतरलीस तर उतरलीस. घरी ये. जागा गेली तर गेली. तू आम्हाला हवी आहेस, जागा नको.

फोन वाजला.

"मम्मी, पूल होऊन गेला." ती धापा टाकत होती, आणि मराठीत बोलत होती, आबाजींसारखी. "मी केव्हाची हौ म्हणून राह्यली, अन् तुमीच गप बसले. मागून आवाज नको का द्याले?"

सासऱ्यांनी फोन माझ्यापुढे केला. मी तो घेतला तेव्हा कळलं, माझेच हात बोटांच्या टोकापर्यंत गार पडले होते.

"हौ," मी म्हणाले.